माणूस असा का वागतो? सामाजिक मानसशास्त्र शिकायला सुरुवात करताना

सामाजिक मानसशास्त्र शिकायला घेणारे बहुतेक जण व्याख्यांपासून सुरुवात करतात. अभिवृत्ती म्हणजे काय, अनुरूपता म्हणजे काय, प्रेरणेचे प्रकार किती. व्याख्या पाठ होतात, पेपरात उतरतात आणि परीक्षा संपली की डोक्यातून जातात. तुम्ही बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असा, बी.एड. करत असा, टीईटीची तयारी करत असा किंवा नुसत्या कुतूहलाने वाचत असा, माझं सांगणं एकच आहे. प्रत्येक संकल्पना तिच्यामागच्या प्रयोगातून शिका. माणसांना कुठे बसवलं, काय सांगितलं, त्यातले किती जण कसे वागले, हे एकदा नीट कळलं की व्याख्या तुमची तुम्हालाच लिहिता येते.

पहिली पायरी: तीन रकान्यांची वही

एक साधी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: परिस्थिती, व्यक्ती, प्रेरणा. दिवसभरात पाहिलेलं एखादं वागणं वर लिहा आणि ते का घडलं असावं, याची उत्तरं तिन्ही रकान्यांत भरा.

समजा, एसटी स्टँडवर गाडी लागताच एका माणसाने खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. 'दांडगट दिसतोय' हे उत्तर दुसऱ्या रकान्यात जाईल. गाडीला आरक्षण नाही, पुढची गाडी थेट संध्याकाळी आहे, सगळेच रुमाल टाकताहेत, ही उत्तरं पहिल्या रकान्यात जातील. सोबत गुडघे दुखणारी आई आहे आणि तिला घाटात उभं राहून प्रवास झेपणार नाही, हे तिसऱ्यात.

या आखणीमागे कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये मांडलेलं सूत्र आहे: वर्तन हे व्यक्ती आणि तिच्या भोवतालचं पर्यावरण या दोन्हींवर मिळून ठरतं. तिसरा रकाना मी शिकण्याच्या सोयीसाठी वेगळा काढला आहे. लेविन ज्यू होते, बर्लिनमध्ये शिकवत होते आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली. कालपर्यंत सभ्य असलेली माणसं समूहात आणि सत्तेपुढे इतकी कशी बदलतात, हा प्रश्न त्या पिढीला पुस्तकातून मिळाला नव्हता. या शास्त्रातले गाजलेले प्रयोग वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवा.

वहीचा एक नियम कसोशीने पाळा: पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला हे अवघड जातं, कारण आपलं मन आधी दुसऱ्याच रकान्याकडे धावतं.

दुसरी पायरी: 'त्याचा स्वभावच तसा' म्हणण्याआधी

मन असं का धावतं, हा गुणारोपणाचा विषय. एखाद्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो की परिस्थितीत, हा भेद फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये मांडला. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याविषयीचे निबंध वाचायला दिले. कॅस्ट्रोची बाजू घेऊनच लिहायचं, असं लेखकाला बजावलं होतं, हे वाचणाऱ्यांना माहीत होतं. तरीही लेखक मनातून कॅस्ट्रोचा समर्थकच असावा, असं त्यांना वाटत राहिलं. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या प्रवृत्तीला मूलभूत गुणारोपण दोष असं नाव दिलं.

परिस्थितीचा जोर किती असतो, हे पाहायचं तर डार्ली आणि बॅटसन यांचा १९७३ चा प्रयोग वाचा. नवशिक्याने सगळ्यात आधी वाचावा असा हा प्रयोग आहे, असं मला वाटतं. प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षणाच्या ४० विद्यार्थ्यांना एक भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट. काहींना सांगितलं, 'उशीर झालाय, लवकर पोचा', तर काहींना, 'अजून वेळ आहे'. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत दारात कोसळलेला होता, अर्थात संशोधकांनीच बसवलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. घाईतल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता, याने ठळक फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेलेही घाईत असले की पुढे निघून गेले.

हा दोष सगळीकडे सारखा नाही, आणि हे दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याकडचा आहे. जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या मुलांना आणि प्रौढांना ओळखीच्या माणसांच्या बऱ्यावाईट वागण्याची कारणं विचारली (हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला). दोन्हीकडच्या लहान मुलांची उत्तरं बरीचशी सारखी होती. वय वाढेल तसे अमेरिकी लोक स्वभावाकडे अधिक बोट दाखवू लागले, म्हैसूरचे लोक नात्यांकडे, भूमिकांकडे आणि प्रसंगाकडे. म्हणजे कारणं शोधण्याची ही सवय आपण मोठे होताना भोवतालच्या समाजाकडून उचलतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातलं कुठलंही विधान 'सर्व माणसं' असं म्हणत असेल, तर तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

तिसरी पायरी: चार लोकांत गेल्यावर

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे घाई करू नका.

सोप्यापासून सुरुवात करू. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट यांनी पाहिलं, की सायकलस्वार एकट्यापेक्षा इतरांसोबत अधिक वेगाने जातात. दुसरीकडे फ्रान्समध्ये रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावला, तेव्हा माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. ज्याचं त्याचं काम वेगळं दिसतं तेव्हा इतरांच्या हजेरीने हुरूप येतो. सगळ्यांचं काम एकत्र मोजलं जातं तेव्हा अंगचोरपणा शिरतो. सहा जणांच्या गटाला एकच प्रकल्प देणाऱ्या शिक्षकांनी प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसेल अशी सोय का करावी, याचं उत्तर यात आहे.

आता सॉलोमन ॲश. १९५१ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत काम अगदी सोपं होतं: एक रेघ पाहायची आणि समोरच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, ते मोठ्याने सांगायचं. खोलीत बसलेल्यांपैकी एकच जण खरा सहभागी, बाकी सगळे ॲश यांचे साथीदार. १८ पैकी १२ वेळा हे साथीदार ठरवून, एकमुखाने, चुकीचं उत्तर देत. खऱ्या सहभागीची पाळी शेवटी किंवा शेवटून दुसरी. या १२ फेऱ्यांमधली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाच्या मागे जाऊन चुकली. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटामागे गेले. एकट्याने उत्तरं लिहिणारे मात्र जवळजवळ चुकलेच नाहीत.

बरीच गाइडं इथे थांबतात आणि 'माणूस मेंढरासारखा असतो' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. तो निष्कर्ष या आकड्यांना धरून नाही. ३७ टक्के उत्तरं गटामागे गेली, याचाच अर्थ ६३ टक्के वेळा माणसाने एकट्याने, सगळ्यांच्या विरोधात जाऊन, खरं सांगितलं. सुमारे चौथा हिस्सा लोक एकदाही झुकले नाहीत. आणि ॲश यांनी साथीदारांपैकी एकालाच खरं उत्तर द्यायला लावलं, तेव्हा गटामागे जाण्याचं प्रमाण पार घसरलं. आपल्या बाजूने एक आवाज पुरतो. ग्रामसभेत, सोसायटीच्या सभेत, वर्गात पहिला वेगळा हात वर करणाऱ्याचं मोल यातून कळतं. म्हणून हा प्रयोग अनुरूपतेइतकाच, म्हणजे गटाच्या कलाने वागण्याइतकाच, धैर्याचा धडा म्हणून शिकावा असं मी सुचवेन.

अनुरूपतेत दबाव बरोबरीच्यांचा असतो. आज्ञापालनात तो वरून येतो. स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू केलेले प्रयोग त्यावरचे. वृत्तपत्रात जाहिरात देऊन बोलावलेल्या माणसाला 'शिक्षक' केलं. शेजारच्या खोलीतला 'विद्यार्थी' चुकला की विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला १५ व्होल्ट वाढवायचे, ४५० पर्यंत. झटके खोटे होते, विद्यार्थी साथीदार होता, पण शिक्षकाला ते माहीत नव्हतं. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात ४० पैकी २६ जण, म्हणजे ६५ टक्के, शेवटच्या कळीपर्यंत गेले. ते आनंदाने गेले नाहीत. घामाघूम झाले, थरथरले, 'थांबू या' म्हणाले, आणि समोरच्या संशोधकाने 'प्रयोग पुढे चालू राहायला हवा' म्हटल्यावर पुन्हा कळ दाबली.

मिलग्रॅम यांनी याच प्रयोगाच्या बऱ्याच आवृत्त्या केल्या, आणि खरं शिक्षण त्या आवृत्त्यांत आहे. संशोधक खोलीबाहेर जाऊन फोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे २० टक्क्यांवर आले. सोबतच्या दोन 'शिक्षकांनी' नकार दिला, तेव्हा १० टक्क्यांवर. माणसं त्याच शहरातली, त्याच प्रकारची. बदलली ती परिस्थिती. वहीतला पहिला रकाना आधी का भरायचा, याचा हा मला माहीत असलेला सर्वांत बळकट पुरावा.

तिसरा भाग बघ्यांचा. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू आला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के आवाज थांबायच्या आत मदतीला धावले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटत असताना ३१ टक्के. जबाबदारी वाटली जाते, आणि कुणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही. यातून निघणारी सूचना आजच लक्षात ठेवा: रस्त्यावर अपघात झाला तर 'कुणीतरी फोन करा' असं गर्दीला म्हणू नका. एका माणसाकडे बोट दाखवून म्हणा, 'निळा शर्ट घातलेले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा.'

चौथी पायरी: मनात एक, वागण्यात दुसरं

एखादी व्यक्ती, गट किंवा विषय यांच्याकडे पाहण्याचा आपला बऱ्यापैकी स्थिर कल म्हणजे अभिवृत्ती. तिचे विचार, भावना आणि वर्तन असे तीन घटक सांगितले जातात. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरमध्ये हा स्वतंत्र घटक आहे. पूर्वग्रह ही गटाविषयीची नकारात्मक अभिवृत्ती, रूढ प्रतिमा हा तिच्यामागचा समज आणि भेदभाव ही त्यातून घडणारी कृती. हे तीन शब्द एकमेकांऐवजी वापरू नका.

अभिवृत्तीवरून वर्तन ओळखता येतं का? दर वेळी नाही. पण उलट दिशा अधिक रंजक आहे: वर्तनावरून अभिवृत्ती बदलते. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेला बोधनिक विसंवादाचा सिद्धान्त हेच सांगतो. दोन गोष्टी मनात एकमेकींशी जुळत नसल्या की अस्वस्थता येते, आणि ती घालवायला आपण त्यातली एक बदलतो. १९५९ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून तासभर अत्यंत कंटाळवाणं काम करून घेतलं आणि पुढच्या माणसाला 'काम मजेचं आहे' असं खोटं सांगायला लावलं. त्यासाठी कुणाला १ डॉलर दिला, कुणाला २०. नंतर विचारल्यावर १ डॉलरवाल्यांना काम जास्त आवडलेलं निघालं. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलण्याचं कारण होतं. १ डॉलरवाल्यांनी आपलं मतच बदलून घेतलं.

या सिद्धान्ताच्या उगमाशी बिहार आहे, हे आपल्या वर्गांत फारसं सांगितलं जात नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतरच्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. धक्का जाणवला पण नुकसान झालं नाही अशा भागात अफवा होत्या त्या पुढच्या संकटांच्या: पाटण्यात चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार. फेस्टिंगर यांना प्रश्न पडला, की घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतात? त्यांचं उत्तर असं: धक्क्याने भीती तर वाटली, पण डोळ्यांसमोर भीतीचं कारण नव्हतं, अफवांनी ते पुरवलं. दार्जिलिंगच्या दरडींनंतर प्रत्यक्ष विध्वंस पाहिलेल्या लोकांचा दुर्गानंद सिन्हा यांनी केलेला अभ्यास (१९५२) याच्याशी ताडून पाहता येतो: तिथे भीतीचं कारण समोरच होतं आणि येऊ घातलेल्या संकटांच्या अशा अफवा आढळल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणारा इशारा पुढच्या वेळी आला, की त्याआधी लोकांना कशाची भीती वाटत होती, ते वहीत लिहा.

पाचवी पायरी: व्यक्तिमत्त्व

परिस्थिती एवढी प्रभावी, तर मग स्वभाव नाहीच का? आहे. ॲशच्या खोलीत काही जण एकदाही झुकले नाहीत, मिलग्रॅमकडे ४० पैकी १४ मध्येच उठले. पण स्वभाव मोजायचा कसा?

गॉर्डन ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. कॅटेल यांनी त्यातून १६ घटक काढले, आयसेंक यांनी मोजके तीन मानले. पुढे बऱ्याच संशोधकांच्या कामातून पाच गुणविशेषांवर एकमत होत गेलं: अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. यातला प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतो. माणसांचे कप्पे पाडणाऱ्या 'तुम्ही कोणत्या प्रकारचे' अशा चाचण्यांपेक्षा ही मांडणी मला म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते. बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात असतात. त्यांना अंतर्मुख किंवा बहिर्मुख असा शिक्का मारला की खरी माहिती हरवते.

स्वतःवर करून पाहण्याजोगा एक प्रयोग इथे आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि प्रत्येकाला 'तुमचं' व्यक्तिमत्त्ववर्णन दिलं. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. मित्रमंडळींत राशींची नावं झाकून साप्ताहिक भविष्य वाचा आणि प्रत्येकाला आपलं कोणतं ते ओळखायला सांगा.

वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की चाचणीतला गुण आणि प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) बहुधा ०.३० च्या पुढे जात नाही. त्यावरून मोठा वाद झाला. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा सातत्य सापडलं, पण 'जर-तर' या रूपात: एक मुलगा बरोबरीच्यांनी चिडवलं तर भडकतो, मोठ्यांनी दटावलं तर गप्प बसतो, दुसऱ्याचं नेमकं उलट. वहीतला दुसरा रकाना असाच भरा. 'तापट' असं लिहू नका. 'कुणी, कुठे, काय केलं की तापतो' ते लिहा.

सहावी पायरी: प्रेरणा

इथे सगळे मास्लोपासून सुरुवात करतात. १९४३ च्या लेखात अब्राहम मास्लो यांनी शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, प्रतिष्ठा आणि आत्मवास्तविकीकरण (स्वतःतल्या क्षमता पूर्ण फुलवणं) असा क्रम मांडला. पिरॅमिडचं प्रसिद्ध चित्र त्या लेखात नाही, ते नंतरच्यांनी काढलं. आणि हा क्रम ताठर नाही, हे मास्लो यांनी स्वतःच लिहिलं आहे. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले. तळाची गरज बाजूला सारून माणूस वरच्या मूल्यासाठी जगू शकतो, याचं उदाहरण उत्तरपत्रिकेत द्यायचं तर ते द्या.

डेव्हिड मॅक्लेलंड यांनी संपादनप्रेरणेवर, म्हणजे काम उत्तम करून दाखवण्याच्या ओढीवर, भर दिला. ती प्रबळ असलेली माणसं फार सोपं किंवा अशक्य काम घेत नाहीत. आपल्या कष्टाने जमेल एवढं अवघड निवडतात. ही प्रेरणा प्रशिक्षणाने वाढते का, हे त्यांनी १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाडा शहरातल्या व्यापारी-उद्योजकांवर तपासलं. प्रशिक्षण घेतलेले लोक नंतर नवे व्यवसाय काढण्यात अधिक सक्रिय दिसले.

पालक आणि शिक्षकांनी मात्र लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा अभ्यास आधी वाचावा. चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधीच सांगितलं. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रं काढत होती. अनपेक्षित बक्षिसाने असं झालं नाही. डेसी आणि रायन यांचा सिद्धान्त याचं स्पष्टीकरण देतो: स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या तीन गरजा भागल्या की आंतरिक प्रेरणा, म्हणजे कामाच्या आवडीतूनच येणारी ओढ, टिकते. ज्या मुलाला वाचायला आवडतं, त्याला 'पुस्तक संपव, मग मोबाइल देते' असं सांगू नका. जे काम मुळात आवडतच नाही, तिथे बक्षिसाने असं नुकसान होत नाही. हा फरक विसरला जातो.

सातवी पायरी: प्रयोगालाही प्रश्न विचारा

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. त्यातल्या ३६ टक्क्यांतच निष्कर्ष पुन्हा ठोसपणे मिळाला. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या टिपणाखाली दोन ओळी मोकळ्या ठेवा: सहभागी कोण होते, आणि पुढे कोणते आक्षेप आले. झिम्बार्डो यांचा १९७१ चा स्टॅनफर्डमधला तुरुंगाचा प्रयोग १४ दिवसांचा ठरवलेला, ६ दिवसांत थांबवला, आणि 'भूमिका मिळाली की माणूस क्रूर होतो' याचा पुरावा म्हणून शिकवला गेला. पुढे जुन्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की पहारेकऱ्यांना कठोर वागायला प्रोत्साहन दिलं जात होतं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोवीज या तरुणीचा खून होत असताना '३८ जण नुसते बघत होते' हे वर्णनही नंतर अतिरंजित ठरलं, जरी त्यातून सुरू झालेलं बघ्यांवरचं संशोधन टिकलं. मिलग्रॅमच्या काही सहभागींना झटके खोटे असल्याची शंका होती. मात्र २००९ मध्ये जेरी बर्गर यांनी १५० व्होल्टलाच थांबवून प्रयोगाचा सौम्य प्रकार केला, तेव्हा त्यापुढे जायला तयार असलेल्यांचं प्रमाण जुन्यापेक्षा फार कमी नव्हतं.

वाचायचं कोणत्या क्रमाने

आधी बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची मराठी पुस्तकं वाचा. ई-बालभारतीवर ती मोफत मिळतात आणि परिभाषा तिथेच पक्की होते. मग एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक: त्यात अभिवृत्ती, व्यक्तिमत्त्व आणि गट यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. पदवीच्या पातळीचं हवं असेल तर इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर घटकवार साहित्य आहे.

त्यानंतर एक तरी मूळ शोधनिबंध वाचाच. मिलग्रॅम यांचा १९६३ चा लेख जेमतेम आठ पानांचा आहे आणि त्याचं इंग्रजी सोपं आहे. आधी पद्धतीचा भाग वाचा आणि कागदावर खोलीचा नकाशा काढा: कोण कुठे बसलं, कुणाला कोण दिसत होतं. मग कोण किती व्होल्टला थांबलं ते सांगणारा तक्ता पाहा. ३०० व्होल्टच्या आधी एकही जण थांबला नाही, हे तिथे दिसेल. लेखकाची चर्चा उघडण्याआधी तुमचे तीन रकाने भरून टाका.